सांदण आशियात दुसरी? मग पहिली कुठाय तेवढं सांगा

काल रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज आला. 'महाराष्ट्राचं स्वित्झर्लंड भंडारदरा, ९९ टक्के मराठी माणसांना ह्या गोष्टी माहीतच नाहीत' वाला. अकोले तालुक्याच्या इतिहास-भूगोलावर सात मुद्दे आहेत त्यात. मी हा मेसेज निदान दोन वर्षं बघतोय, डिलीट करतो आणि गप्प बसतो. पण ह्यावेळी पाठवला माझ्या मावसभावाने, जो जन्मापासून पुण्यात, आणि खाली लिहिलं '१५ ऑगस्टला पोरांना घेऊन सांदण दरी करतोय, कोण कोण येतंय?' त्याखाली पहिला अंगठा कोणाचा, तर माझ्या आईचा. आमचं गाव राजूरच्या पुढे, आईने चाळीस पावसाळे तिथे काढलेत, आणि तिला पण तो मेसेज खरा वाटला म्हटल्यावर लिहायलाच बसलो.

पहिलाच मुद्दा, 'अकोला जिल्ह्यातलं भंडारदरा'. अहो, अकोला विदर्भात. आमचं अकोले, नगर जिल्ह्यात, म्हणजे आता अहिल्यानगर. ह्या एका मात्रेपायी आमच्याकडची कुरिअरं विदर्भ फिरून येतात. तरी एक कबूल करतो, हा घोळ व्हॉट्सअॅपने सुरू केलेला नाही. इंग्रजांनी १८८४ साली नगर जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, छापलं त्यात आमच्या तालुक्याचं स्पेलिंग अकोला असंच आहे. पण त्यांना मराठी येत नव्हतं, तुम्हाला येतं ना?

दुसरा, 'कळसूबाई सह्याद्रीचं सर्वोच्च शिखर'. महाराष्ट्रातलं म्हणा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. १६४६ मीटर. त्याच गॅझेटियरात ५४२७ फूट दिलीय, आज ५४०० धरतात, इतकं जवळ मोजलं होतं त्या लोकांनी. पण पश्चिम घाट नाशिकला संपत नाही, खाली केरळात अनाईमुडी शिखर २६९५ मीटर आहे, म्हणजे हजार मीटरने उंच. आता कोणी म्हणेल की सह्याद्री म्हणजे फक्त महाराष्ट्रातला भाग, तर बरं, त्या अर्थाने अर्धं खरं. सोडून देतो, कारण ह्याच्याने कोणाचा जीव जात नाही.

जीव जाईल तो तिसऱ्या मुद्द्याने. 'सांदण दरी, आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी, पावसाळ्यात तिचं सौंदर्य अवर्णनीय, एकदा तरी आतून चालाच.'

आधी ते आशियाचं बघू. पहिली कोणती? मेसेजमध्ये नाही. कोणी मोजली, कधी मोजली? नाही. कुठे खोल लिहितात, कुठे मोठी, कुठे लांब, पण नंबर मात्र कायम दुसराच, म्हणजे पहिला लिहिला तर कोणी विचारेल ही भीती असणार. तिबेटात ब्रह्मपुत्रेची घळ पाच हजार मीटरच्या वर खोल आहे. सांदणची भिंत सगळे सांगतात ती दीड-दोनशे फूट. लांब कशाला जायचं, जवळच घाटघरला २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, तिथे पाणी वरच्या धरणातून कड्याखाली कोकणाच्या बाजूला चारशे मीटरहून जास्त खाली सोडतात आणि परत वर खेचतात. म्हणजे सांदण आशियात सोडा, शेजारच्या कड्याच्या पासंगालाही पुरत नाही. ती सुंदर आहे ती अरुंद आहे म्हणून. काळ्या पाषाणाला उभी भेग पडलीय, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात, दुपारीही ऊन खाली पोचत नाही. एवढं पुरत नाही का, आशिया कशाला मधे?

आणि आता ते 'पावसाळ्यात चालाच'. ही दरी म्हणजे पाण्याची वाट आहे हो. दरीच्या तोंडाशी साम्रद गाव आहे, तिथल्या पठारावर पडलेलं पाणी ह्याच भेगेत शिरतं आणि खाली शहापूर तालुक्यात डेहण्याच्या अंगाला उतरतं. भर हिवाळ्यात पण आत पाणी साचलेलं असतं, गुडघ्याच्या वर, कधी कमरेपर्यंत. पावसाळ्यात वर ढग फुटला तर आतल्या माणसाला वर बघून चिरभर आभाळ दिसतं, त्यातून काय कळणार? आवाज येईल तोवर पाणी आलेलं असतं. दोन्ही बाजूला सरळ भिंत, चढायला जागा नाही, पुढे जावं तर दोराशिवाय उतरता न येणारे कडे, मागे यावं तर समोरून पाणी, आणि फोनला रेंज नाही. साम्रदची पोरं जी वर्षभर लोकांना आत नेतात आणि त्यावरच ज्यांचं घर चालतं तीच पावसाळ्यात आत नेत नाहीत, ह्याच्यापुढे आणखी कोणता पुरावा पाहिजे? आणि आमचे बंधुराज सात वर्षांच्या पोरीला घेऊन निघालेत.

चौथ्या मुद्द्याचा राग वेगळा. 'ब्रिटिशांनी १९१० मध्ये भंडारदरा शोधला, त्याआधी इथे निर्मनुष्य जंगल होतं.' शोधला म्हणजे? हरवला होता का? १९१० ला धरणाचं काम सुरू झालं आणि १९२६ ला पूर्ण झालं, गव्हर्नर लेस्ली विल्सनचं नाव दिलं, एवढं खरं. धरण उत्तम बांधलंय, अकरा टीएमसी पाणी आजही धरतं, ते नाकारत नाही. पण निर्मनुष्य? रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर हजारेक वर्षांचं, ते काय बिबट्यांनी बांधलं? आणि देवगावचे राघोजी भांगरे? महादेव कोळी समाजाचा माणूस, सावकारांनी जमिनी गिळल्या आणि कंपनी सरकार सावकारांच्या मागे उभं राहिलं म्हणून ह्याच डोंगरात त्यांनी उठाव केला. १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात पकडले गेले, २ मे ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. म्हणजे धरणाचा पहिला दगड बसायच्या बासष्ट वर्षं आधी ह्या 'निर्मनुष्य' डोंगरातल्या माणसांनी सरकारला घाम फोडला होता. कोळ्यांच्या ह्या उठावांची दखल तर १८८४ च्या गॅझेटियरलाही घ्यावी लागली. अर्थात त्यांच्या लेखी हे दरोडेखोर. डांगाणात, म्हणजे आमच्या ह्या डोंगरपट्ट्यात, माणसं होती, म्हणून तर धरणाखाली जमिनी गेल्या. पाणी मात्र खाली श्रीरामपूरकडच्या उसाला, आणि वरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंडे. ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

बाकीचे भराभर. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेतले चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की कलियुग संपणार. श्रद्धा म्हणून ऐका, पण खाली 'शास्त्रज्ञही चकित' लिहिलंय ते कोणते शास्त्रज्ञ? गार पाण्यात उभे असलेले दगडी खांब शतकानुशतकं झिजतात, तीन पडले, एक उभा आहे. घाटघर महाराष्ट्राची चेरापुंजी: हा मान आंबोलीलाही देतात, भांडण नको, पाऊस मरणाचा पडतो हे खरंच. इथली डांगी गुरं बघा, त्यांची कातडी तेलकट असते, पाणी अंगावरून निथळून जातं, त्याशिवाय ती टिकलीच नसती. हरिश्चंद्रगडाच्याच कोकणकड्यावरून गोल इंद्रधनुष्य दिसतं: चक्क खरं! इंद्रवज्र म्हणतात त्याला, कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये पाहिल्याची नोंद आहे. सातातला हा एक मुद्दा धड, आणि नेमका त्यालाच खाली 'नासाने मान्य केले' चिकटवलंय.

सकाळी भावाला फोन केला. म्हणाला बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत. म्हटलं ये ना मग, नको कोण म्हणतंय, रतनवाडीला अमृतेश्वर बघ, आमच्या घरी नागलीची भाकरी खा, सांदणला डिसेंबरनंतर मी स्वतः नेतो. 'बघतो' म्हणाला. आईने अंगठा काढलाय, पण तो मेसेज मी लिहीपर्यंत अजून दोन ग्रुपवर आलाय.