गेलेल्या किलोंचा जाहीर सत्कार

सहा किलो वजन उतरवलेल्या माणसाला मुंबईत पहिला प्रश्न येतो तो, "बरंबिरं नव्हतं का रे?" दुसरा, "शुगर निघाली का?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकू प्रश्नांत वेळ न घालवता थेट निकाल देतात, "गालफडं बसली हो तुमची!" यात अभिनंदन कुठेच नाही. वजन चढत होतं तेव्हा हीच मंडळी "तब्येत छान सुधारली" म्हणत होती, तेव्हा कौतुक करायची त्यांना सवय नाही असं म्हणता येत नाही.

काकूंची बाजू थोडी घेतो. खाणंपिणं तेच, धावपळ तीच, आणि तरी सहा-बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर डॉक्टरांना दाखवावं हे खरंच आहे. पण जो माणूस रात्रीचा भात अर्ध्यावर आणून, लिफ्टकडे न बघता जिना चढून आणि नाक्यावरच्या कढईकडे पाठ करून हे साधतोय, त्याने कौतुकासाठी इतरांवर विसंबू नये. स्वतःच करावं. आणि मापं घेऊन करावं. मोघम कौतुक पंधरा दिवस टिकतं, मग हात फरसाणाच्या डब्याकडे वळतो.

एके काळी ही सोय रेल्वे स्टेशनवर होती. वजनाचं ते उंच यंत्र, रंगीत दिवे, काचेमागे फिरणारी चकती. वर उभं राहायचं, चकती थांबेपर्यंत हलायचं नाही आणि मगच नाणं टाकायचं. घाई केली तर भलताच आकडा छापून यायचा. खाली पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य बहुधा चांगलंच: आपण मनाने उदार आहात, लवकरच भाग्योदय होईल. वजन कळल्यावर माणसाला ताबडतोब चार गोड शब्द लागतात, हे त्या यंत्राला नेमकं ठाऊक होतं. घरातला डिजिटल काटा आकडा दाखवतो आणि काही सेकंदांत डोळे मिटून घेतो.

काट्याचे लाड मात्र करावे लागतात. तो सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला तर सेन्सरचे चार पाय नीट टेकत नाहीत आणि आकडा चुकतो. बाथरूमच्या दारातली जागाही नको, कारण तिथली फरशी मोरीकडे उतरती असते. एक सपाट लादी ठरवावी आणि तीच ठेवावी. वन रूम किचनमध्ये काटा कॉटखाली सरकवलेला असतो. तो बाहेर काढल्यावर लगेच चढू नये. पायाने एकदा दाबावं, ०.० येऊन जाऊ द्यावं, मग उभं राहावं. काही काटे तर लबाड असतात. मागचं वजन लक्षात ठेवतात, आणि फरक दोन-तीनशे ग्रॅमचाच असला की जुनाच आकडा तोंडावर फेकतात. संशय आला तर १० किलो आट्याची सीलबंद पिशवी कवेत घेऊन एकदा उभं राहावं आणि मग एकट्याने. काट्याची आठवण पुसली जाते आणि दोन आकड्यांतला फरक बरोबर १० येतो की नाही हेही कळतं. घरच्यांनी पाहिलं तर काय वाटेल हा प्रश्न आहे, पण तो काट्याचा नाही.

आता उदाहरणासाठी ८४ किलोंवरून ७८ वर आलेला, पाच फूट सात इंच उंचीचा एक गृहस्थ धरू. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम चरबी जाते, कारण एक किलो चरबीत ७७०० च्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे रोजची उतरण ६५ ग्रॅम. घरातले बहुतेक काटे १०० ग्रॅमच्या टप्प्याने मोजतात. थोडक्यात, गृहस्थांनी दिवसभर केलेला त्याग काट्याच्या खिजगणतीतही नसतो. सकाळी चहा पिऊन काट्यावर चढले तर १५० ग्रॅमच्या त्या एका कपात दोन दिवसांची पुण्याई बुडते. म्हणून वजन चहाच्या आधी आणि शौचाच्या नंतर करायचं. हा क्रम एकच संडास आणि पाच माणसं असलेल्या घरात पाळणं हे वजन उतरवण्यापेक्षा अवघड आहे, हे मला मान्य आहे.

तरीही काटा उड्या मारणारच. रात्री मिसळ, पापड, लोणचं असं खारट जेवण झालं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि सकाळी एक-दीड किलो वाढलेलं दिसतं. बायकांना पाळीच्या आधीच्या दिवसांत हेच भोगावं लागतं. उलटी उडीही तेवढीच फसवी. डाएटच्या पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून पेढे वाटणाऱ्यांना सांगायला हवं, की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वापरलं जातं आणि त्याच्या दर ग्रॅममागे बांधलेलं सुमारे ३ ग्रॅम पाणी निघून जातं. चरबी अजून बरीचशी जागेवरच बसलेली असते. साबुदाण्याच्या खिचडीचा एक उपवास झाला की ते पाणी परत येतं.

उपाय जुना आहे. रोज वजन लिहायचं, बघायची मात्र सात दिवसांची सरासरी, आणि तुलना करायची ती मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी. भिंतीवरचं कालनिर्णय यासाठी सोयीचं, पण त्याच चौकटीत दुधाचा हिशेब असतो. महिनाअखेरीस दूधवाल्याच्या बेरजेत ७८.४ शिरले तर हिशेब मिटेपर्यंत सरासरी बाजूला राहते. वजन लाल पेनाने लिहावं. आणि महिन्याच्या पानावर वरच्या कोपऱ्यात एक आकडा मोठ्ठा लिहून ठेवावा: सुरुवातीपासून किती गेले. या आठवड्यात काय झालं हा आकडा माणसाला रडवतो. एकूण किती गेले हा आकडा धीर देतो. वजन उतरलेल्या शरीराला चालवायला कमी इंधन लागतं, त्यामुळे तोच आहार ठेवला तरी उतरण मंदावत जाते; त्या महिन्यांत कोपऱ्यातला आकडाच खरा सोबती.

तक्त्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये. आपल्या गृहस्थांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २९ वरून २७ वर आला. भारतीयांसाठी २५ आणि वर म्हणजे लठ्ठ, असा निकष वापरला जातो. सहा किलो घालवले आणि रकाना तोच! पण ८४ किलोंचे पाच टक्के म्हणजे ४.२ किलो, आणि रक्तदाब, साखर यांवर चांगला परिणाम साधारण पाच टक्क्यांपासूनच दिसू लागतो. तक्त्याला हे दिसत नाही, शरीराला दिसतं.

आणि लोकांना का दिसत नाही, त्याचं उत्तर भूमितीत आहे. किलोमागे कमरेचा घेर साधारण एक सेंटिमीटरने कमी होतो. सहा किलोंना सहा सेंटिमीटर. पण घेर म्हणजे रुंदी नव्हे. कंबर गोल धरली तर तिला ३.१४ ने भागायचं, उरतात जेमतेम दोन सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला एक. समोरून येणाऱ्या शेजाऱ्याने एक सेंटिमीटर ओळखावा ही अपेक्षा जरा जास्तच झाली. ही दोन सेंटिमीटर खरी कळतात ती लोकलच्या चौथ्या सीटवर. तिघांच्या बाकावर "जरा सरकून घ्या" म्हणत चौथा टेकतो, त्याचा एक पाय पॅसेजमध्ये आणि निम्मा देह हवेत असतो. बाकावरच्या चौघांनीही सहा-सहा किलो उतरवले तर आठ सेंटिमीटर मोकळे होतात. बोरिवलीपर्यंत उभं राहणं आणि बसणं यांतला फरक एवढाच असतो. पश्चिम रेल्वेच्या गर्दीवर हा उपाय आजवर कुणी सुचवलेला दिसत नाही.

गेलेली चरबी जाते कुठे, हाही गमतीचा भाग. घामातून, असं अनेकांना वाटतं. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी गणित मांडलं: १० किलो चरबी जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातं आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे गृहस्थांच्या सहा किलोंपैकी पाच तरी नाकातोंडावाटे बाहेर पडले, त्यातले काही सकाळच्या विरार फास्टमध्ये सहप्रवाशांच्या मानेवर. म्हणून कुणी नुसते जोरजोरात श्वास घेत बसू नये. चरबी आधी जळावी लागते. नाहीतर फक्त चक्कर येते.

तरीही सहा किलो म्हणजे किती, हे आकड्यावरून मनाला पटत नाही. हाताला पटवावं लागतं. वाण्याकडे जाऊन पाच लिटर तेलाचा कॅन उचलावा. लिटरला ९१० ग्रॅम, म्हणजे आत साडेचार किलो तेल आणि वर डब्याचं थोडं. दुसऱ्या हातात दीड किलो साखर. हे सगळं कमरेला बांधून आपण वर्षानुवर्षं भाजी आणायला जात होतो. ज्यांचे १४ किलो गेले त्यांनी घरगुती सिलिंडरमधला १४.२ किलो गॅस आठवावा. अर्थात फक्त गॅस, लोखंड वेगळं.

यापेक्षा पक्का प्रयोग जिन्यावरचा आहे. गुडघे किंवा पाठ दुखत असेल, हृदयाचा त्रास असेल तर हा करू नये. पाठीवरच्या सॅकमध्ये एक लिटरच्या भरलेल्या सहा बाटल्या उभ्या ठेवायच्या, मध्ये जुना टॉवेल कोंबायचा, नाहीतर त्या कलंडतात आणि झोल एका खांद्यावर जातो. पट्टे आवळून सॅक पाठीला चिकटवायची. मग इमारतीचे तीन मजले, नेहमीच्या चालीने. वाटेत काकू भेटतील. गावाला चाललोय म्हणावं. खाली येऊन सॅक उतरवायची, दोन मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चढायचं. पहिल्या चार-पाच पायऱ्यांवर पाय गरजेपेक्षा जास्त वर उचलला जातो, कारण मेंदूने हिशेब अजून सहा किलोंचाच धरलेला असतो. तो क्षण म्हणजे सत्काराची शाल. दर आठवड्याला हा प्रयोग केला तर त्याची सवय होते आणि मजा जाते. काटा हलेनासा झाला की तेव्हाच काढावा.

गुडघ्यांचा हिशेब तर आणखी घसघशीत. गुडघेदुखी असलेल्या, वजन जास्त असलेल्या वयस्कर लोकांवरचा एक अमेरिकन अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. वजन जितकं कमी झालं त्याच्या सुमारे चौपट भार प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरून कमी झाला. सहा किलोंना चोवीस. किलोमीटरला १३०० पावलं धरली तर एकत्रित ३१ टन होतात. शिवाजी पार्कची एक फेरी किलोमीटरपेक्षा थोडी जास्तच भरते. रोज सकाळी ३१ टन माल न उचलता कट्ट्यावर येऊन बसलेल्या माणसाकडे इतर लोक इतक्या थंडपणे कसे बघू शकतात, मला कळत नाही.

कमरेचं माप घ्यायचं तेही शिस्तीत. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, टेप जमिनीला समांतर, साधा श्वास सोडल्यावर. पोट आत ओढून घेतलेलं माप आरशापुरतं ठीक. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची धोक्याची रेघ. टेप पाठीमागे खाली घसरतो, त्यामुळे आरशात मागून बघावं, किंवा घरातल्या कुणाला तरी धरायला सांगावं. ते शेरेबाजी करतीलच. कापडी टेप जुना झाला की ताणला जातो आणि कंबर आहे त्यापेक्षा बारीक दाखवतो. काही लोक म्हणूनच तो बदलत नाहीत.

कपड्यांपैकी विश्वास ठेवावा तो फक्त न ताणल्या जाणाऱ्या सुती कपड्यावर. स्ट्रेचची जीन्स, इलॅस्टिक, नाडी हे तिघंही भिडस्त. कुणाला नाही म्हणत नाहीत. एक जुनी सुती पँट मापासाठी ठेवावी, बाकीच्या अल्टरवाल्याकडे न्याव्यात. तो मागची मधली शिवण उसवून कंबर आत घेतो. दोन इंचांपर्यंत ठीक जमतं. त्याहून जास्त घ्यायला लावलं तर मागचे दोन खिसे एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि पाकीट कुठल्या खिशात आहे हे खिशालाच कळत नाही. तसं असेल तर पँट देऊन टाकावी.

शिवण उसवून झाली की अल्टरवाला मान वर न करता विचारतो, "जास्तीचं कापड कापून टाकू की आत दाबून ठेवू?" इथे भले भले अडखळतात. कापून टाका म्हणण्यात मोठी शान असते हे खरं. पण निदान पहिल्या खेपेला दाबून ठेवायला सांगावं. श्रावण तोंडावर आलाय, आणि मागोमाग गणपती येतातच.