मयत मंडळींच्या घरी

भुतांवर माझा विश्वास नाही, हे मी ठाण्यात, सातव्या मजल्यावर, ट्यूबलाइटखाली कोणालाही ठणकावून सांगतो. गावच्या घरात दिवेलागण झाल्यावर मात्र मी या विषयावर बोलत नाही. उगाच कोणाच्या भावना दुखवायच्या कशाला?

घर आमचं वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना, आत पाणंदीच्या टोकाला. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, त्याच्या कडेला बाळंतिणीची अंधारी खोली आणि वर माळा. सातबारावर सतरा नावं, त्यातली अकरा मयत. वारस लावायचं काम गेली तीस वर्षं 'यंदा गणपतीत बघू' या टप्प्यावर आहे. घरपट्टी अजून पणजोबांच्या नावाने येते. पणजोबा 1951 साली गेले. कागदोपत्री पाहिलं तर घरात बहुमत मयतांचं आहे, आणि ते घर सोडून गेल्याची कुठे नोंद नाही.

पावसाआधी कौलं परतून घ्यायची, तर घरचं कोणीतरी आठ दिवस जाऊन राहायला हवं. हयात सहा जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा झाली. एकाच्या मुलाचं ॲडमिशन, एकाची शुगर, एक दुबईत, एकीला ऊन सोसत नाही, आणि पाचव्याने नुसतेच जोडलेले हात टाकले. मी मार्चमध्ये निवृत्त झालो होतो. निवड बिनविरोध झाली. बायको म्हणाली, "मी आले असते हो, पण कुंड्यांना पाणी कोण घालणार?" आमच्याकडे कुंड्या दोन आहेत. त्यातल्या एकीत कोरफड आहे.

गेल्या गेल्या प्रश्न पडला, झोपायचं कुठे. चावी घेऊन शेजारच्या काकी आल्या होत्या. मी ओटीवर वळकटी टेकवली.

"हय तुमचे आजोबा गेले," काकी म्हणाल्या.

मी वळकटी उचलून माजघरात नेली.

"हय मोठी आत्या. तिन्हीसांजेक, चाय पिता पिता."

पडवीत चुलत आजोबा, झोपाळ्यावर. स्वयंपाकघरात कोणी गेलं नव्हतं, पण त्याचं मागलं दार विहिरीकडे उघडतं, आणि विहिरीबद्दल विचारल्यावर काकी नुसतं "जांव दे" म्हणाल्या. शेवटी मी डोकं चालवलं. बाळंतिणीच्या खोलीत कोणी मेलं नव्हतं, उलट सगळे तिथेच जन्मले होते. खाट तिथे टाकली. खिडकी वीतभर, दार बुटकं, आणि भिंतीला एक कोनाडा, ज्याच्याकडे पाठ करून झोपावं तर तो पाठीकडे बघतोय असं वाटतं आणि तोंड करून झोपावं तर तोंडाकडे.

"भियाचा काय हा?" काकी जाताना म्हणाल्या. "सगळी घरचीच माणसा."

रात्री साडेबाराला छपरावर कोणीतरी चालायला लागलं. चार पावलं, थांबणं, परत चार पावलं. चोरासारखं नाही हो. घरमालकासारखं! मला आठवलं, ही कौलं पणजोबांनी हौसेने आणवलेली, मंगळूरची. तिथे बासेल मिशनने 1865 साली कारखाना काढला, आणि आमच्या छपरावरच्या काही कौलांवर तो सालाचा शिक्का अजून वाचता येतो. म्हणजे पणजोबा कौलं मोजत होते. तेवढ्यात वास आला. शिजत्या आंबेमोहोराचा, नुकतं झाकण काढावं तसा. पणजी भात टाकून बसली असणार. मी पांघरूण डोक्यावर घेतलं. मे महिना, कोकण, बिनपंख्याची खोली आणि वर गोधडी. भुताने नाही तर घामाने तरी मी जाणार होतो, आणि मग काकी पुढच्या पाहुण्याला सांगणार, "हय ठाण्याचे."

सकाळी शेजारच्या आबांना सांगितलं. आबा विडी पेटवत होते. काडी विझेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

"कांडेचोर तो. फणस पिकलेसत, रात्रीचो नळ्यांवरसून येता. वास तेचोच."

कांडेचोर म्हणजे उदमांजर. ते जिथून जातं तिथे सुगंधी तांदळासारखा वास सोडून जातं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. एकीकडे हायसं वाटलं, दुसरीकडे वाईटही. पणजीचा भात होता तो.

दुसऱ्या रात्री मी तयारीने झोपलो. स्टँडचा जुना पंखा मिळवला, त्याची मान सुतळीने बांधली आणि खाटेवर पडून मोबाइलवर भीतीचं शास्त्रीय कारण शोधू लागलो. सापडलंही. विक टँडी नावाचा एक ब्रिटिश इंजिनिअर ज्या प्रयोगशाळेत काम करायचा तिथे लोकांना उगाच धडकी भरायची, आणि त्याला स्वतःला डोळ्याच्या कडेला एक करडी आकृती दिसली. शेवटी कारण निघालं एक एक्झॉस्ट पंखा! त्याच्यामुळे सेकंदाला सुमारे 19 कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा आवाज तिथे घुमत होता. 1998 साली त्याने यावर रीतसर निबंध लिहिला. मी मोबाइल खाली ठेवला आणि आमच्या पंख्याकडे पाहिलं. सुतळीतून मान डोलावत तो नेमका माझ्याकडे वळला. मी उठून बंद केला.

हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा शास्त्रीय गाढवपणा. पंख्याच्या खडखडाटात जे काही दबलेलं होतं ते सगळं वर आलं. आधी डास. मग दिवसभर तापलेले वासे गार होताना बोटं मोडल्यासारखे कडकड वाजायला लागले. हे आकुंचन-प्रसरण मी शाळेत पंधरा वर्षं शिकवलंय, मुलांना पट्ट्या मारून शिकवलंय. अंधारात ते मला एकदाही पटलं नाही. आणि मग माळ्यावरून घोरण्याचा आवाज आला. खोल, खरखरीत, दमेकऱ्यासारखा. आजोबांना दमा होता.

टॉर्च घेऊन मी शिडी का चढलो ते मला अजून सांगता येत नाही. बहुधा मास्तरकीची खुमखुमी. डोकं माळ्यावर काढलं, टॉर्च फिरवली, तर समोर हातभरावर एक पांढराफटक चेहरा. बदामाच्या आकाराचा, दोन काळे डोळे, आणि मान अशी वाकडी, की 'काय हवंय?' मी शिडीची एकही पायरी न वापरता खाली आलो आणि खोलीत शिरताना बुटक्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं.

"गव्हाणी घुबड," सकाळी आबा म्हणाले. "पिल्ला आसत. तीच घोरतत. उंदीर खातत, असूं देत थय." मग माझ्या कपाळावरचं टेंगूळ पाहून, बहुधा धीर द्यावा म्हणून, म्हणाले, "आणि अवसेच्या आसपास खळ्यातसून पांढरो फेटो बांधून, काठी आपटीत कोण गेलो, तर तो राखणदार. तो काय करूचो नाय."

कांडेचोर, घुबड, राखणदार. तिन्ही एकाच सुरात. मी कॅलेंडर पाहिलं. अमावास्या परवावर.

त्याच दिवशी मी आरवलीला वेतोबाच्या पाया पडून आलो. केळ्यांचा घड वाहिला. वेतोबा रात्री गावाच्या रक्षणाला फिरतो आणि त्याची पायताणं झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याच्या चपला वाहतात. त्या चपला मी नीट पाहिल्या. माझ्यासारख्याचे दोन्ही पाय एका चपलेत मावतील. बरं वाटलं. छपरावरची पावलं खूपच लहान होती.

नळे परतणारे गडी चौथ्या दिवशी आले, पण कौलाला हात लावेनात. आधी गाऱ्हाणं. आबांनी खळ्यात केळीच्या पानावर नारळ ठेवला, टोपी सरळ केली आणि सुरुवात केली. पणजोबांपासून धरून अकराच्या अकरा मयतांना त्यांनी नावानिशी हाक मारली. आमच्या कुठल्याही कागदावर ती इतकी बिनचूक नाहीत. नंतर ते माझ्याकडे वळले.

"आणि म्हाराजा, ह्यो तुमचो नातू ठाण्यासून इलोहा. शिकलेलो आसा, पण भियाळो आसा. रातचो झोपणा नाय, पंखो बंद करता, डोक्या आपटून घेता. तेका सांभाळून घेवा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चारही गडी आणि काकी एका दमात ओरडले. गडग्यापलीकडून जाणारा पोस्टमन सायकल थांबवून तोही म्हणाला. मग मीही म्हणालो. बहुमताविरुद्ध कसं जाणार?

त्या रात्री साडेबाराला पुन्हा चार पावलं, थांबणं, चार पावलं. मग तो आंबेमोहोराचा वास. पंखा चालूच होता. मी कूस बदलली आणि हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा."