दंड भरण्याआधी थांबा!

सिडनीतल्या आपल्या मराठी मंडळींसाठी कळकळीनं लिहितोय. लायसन्स सस्पेंड झाल्याचं पत्र आलं की आपण वकील शोधायला लागतो. पण तोवर बहुतेकांची लढायची वेळ निघून गेलेली असते.

न्यू साउथ वेल्समध्ये दंड भरला म्हणजे चूक कबूल केली, आणि डिमेरिट पॉइंट, म्हणजे वाहतुकीच्या चुकांचे लायसन्सवर नोंदले जाणारे गुण, नावावर चढले. आपल्याला भारतातली सवय, चलान भरलं की विषय संपला. त्यात 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' हे लहानपणापासून ऐकलेलं. इथे ते ऐकू नका. दंड चुकीचा वाटत असेल तर भरण्याआधीच फेरतपासणी मागा, नाहीतर कोर्टात जा. गुन्हा सिद्ध होऊनही मॅजिस्ट्रेटनं 'सेक्शन 10' खाली, म्हणजे दोषी न ठरवता सोडलं, तर पॉइंट लागत नाहीत.

पूर्ण लायसन्सवाल्यांना 3 वर्षांत 13 पॉइंट झाले की लायसन्स सस्पेंड. ईस्टरच्या 'डबल डिमेरिट' काळात, म्हणजे पॉइंट दुप्पट लागतात तेव्हा, फोन हातात सापडला की 10, एरवी एकदा वेग 10 किलोमीटरहून थोडा जास्त झाला की 3. झाले 13! आणि या सस्पेन्शनवर अपील नाही. एक तर किमान 3 महिने गाडी बंद, नाहीतर 12 महिन्यांचं 'गुड बिहेवियर', म्हणजे चांगलं वागण्याच्या अटीवर गाडी चालवत राहायचं. त्या काळात 2 पॉइंट लागले की गाडी दुप्पट काळ बंद.

पी-प्लेटवाल्या, म्हणजे नव्या तात्पुरत्या लायसन्सवर गाडी चालवणाऱ्या मुलांना मात्र अपील आहे. रेड पी, म्हणजे त्यातला पहिला टप्पा, असेल तर वेगाच्या एकाच दंडात 4 पॉइंट आणि लायसन्स जातं, पण 28 दिवसांत लोकल कोर्टात अर्ज करता येतो. वेग होता की नव्हता, हा वाद तिथे चालत नाही. बघतात ते मागचं रेकॉर्ड, गाडीची खरी गरज आणि गाडी चालवायला तुम्ही लायक आहात का. म्हणून शिफ्टच्या वेळा लिहिलेलं नोकरीवरचं पत्र आणि ट्रॅफिक ऑफेंडर कोर्सचं (नियम मोडणाऱ्यांसाठीच्या वाहतूक-शिक्षणाचं) सर्टिफिकेट आधीच तयार ठेवा.

मला हा फरक अन्यायकारक वाटतो. मुलांची बाजू ऐकतात हे योग्यच, पण पहाटे ट्रेन नसताना हॉस्पिटलच्या शिफ्टला निघणाऱ्या नर्सचंही कुणीतरी ऐकायला हवं. कॅमेऱ्याला तिची अडचण दिसत नाही, मॅजिस्ट्रेटला दिसू शकते. मी आमच्या भागातल्या आमदारांना हेच लिहिणार आहे, तुम्हीही लिहा.

आणि कृपा करून बायकोच्या किंवा भारतातून आलेल्या आईबाबांच्या नावावर पॉइंट टाकू नका. 'सगळेच करतात' म्हणून कुणी सुचवतं, पण तो वेगळा आणि मोठा गुन्हा आहे.