चालतं मशीन काढायला लावणाऱ्यांनो

काल भर संध्याकाळी काउंटरवर गर्दी, आणि नव्या ऑनलाइन बिलिंगच्या स्क्रीनवर काय? 'सेशन संपले, पुन्हा लॉगिन करा.' केलं. ओटीपी गेला दादाच्या मोबाइलवर, दादा गावाला लग्नात. बाहेर प्लंबर टेम्पो चालू ठेवून ओरडतोय, त्याला चार एल्बो आणि सोल्युशनचा डबा हवाय, आणि माझ्याच दुकानात माझंच बिल काढायला मी परवानगी मागतोय! हेल्पलाइनवाला म्हणतो, 'सर, कॅशे क्लिअर करून बघा.' अरे, गिऱ्हाईक क्लिअर झालं माझं! शेवटी वहीच्या कागदावर बिल लिहून दिलं.

आमचं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत लिहिलेलं बिलिंग होतं. विंडोज एक्सपीवर चालायचं, माऊससुद्धा लागत नव्हता. कोड, नग, एंटर, की डॉट मॅट्रिक्समधून कार्बनसकट तीन प्रती बाहेर. नेट गेलं तरी फरक नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तर ज्यानं प्रोग्रॅम लिहिला होता त्यानंच येऊन सीजीएसटी-एसजीएसटीचे रकाने टाकून दिले. आता थर्मल प्रिंटरची बिलं. पाईप-मोटारीची वॉरंटी संपायच्या आधीच अक्षरं उडालेली, मग गिऱ्हाईक कोरा कागद आणून माझ्याशी भांडतं.

'आउटडेटेड आहे, रिस्की आहे,' म्हणून सगळ्यांनी डोकं खाल्लं आणि ते मशीन काढायला लावलं. एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे कंपनीचे सुरक्षा अपडेट, एप्रिल 2014 मध्येच बंद झाला, मलाही माहीत आहे. पण त्या मशीनला नेटची वायरच नव्हती, आणि बॅकअप रोज घरी जायचा! 19 जुलै 2024 ला काय झालं? एका सिक्युरिटी कंपनीच्या चुकीच्या अपडेटनं जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन आडवी झाली, आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहिले. ती काय जुनाट मशीन होती?

आणि आता विंडोज 10 चाही सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपवला. ऑफिसातला पीसी ठणठणीत आहे, पण विंडोज 11 त्याला चालत नाही, म्हणून म्हणे नवा घ्या. बँकेत जावं तर 'सर्व्हर डाउन', रेशनच्या मशीनवर म्हातारीचा अंगठा उमटत नाही, आणि मला सांगतात जुनं धोक्याचं!

आज त्या ऑनलाइन बिलिंगवाल्यांचा नूतनीकरणाचा मेसेज आलाय. दर वाढवलाय. पैसे भरले नाहीत तर खातं गोठवणार, म्हणजे गिऱ्हाइकांची उधारी मला दिसणार नाही. माझी उधारी! ती आधी सगळी एक्सेलमध्ये उतरवून घेतो, मग त्यांना एक रुपया देणार नाही.