पैसे आमचे, दुकान आमचं, मग साइटचं नाव ती बनवणाऱ्याच्या नावावर काहून?

अरे राजेहो, घरगुती मसाला विकणाऱ्या बाईला वेबसाइटवर लागतं तरी काय? माल कोणता, पावशेराचा भाव काय, नागपुरात मानेवाड्यात दुकान नेमकं कुठे, किती वाजेपर्यंत उघडं, फोन नंबर आणि वॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर टाकायचं एक बटण. एका पानात मावतं.

आमच्या वहिनीनं हे सगळं कागदावर लिहून दिलं होतं. सावजी मसाला, भिवापुरी मिरचीचं तिखट, मुगवड्या, भावासकट. साइट बनवणाऱ्यानं काय दिलं? उघडल्याबरोबर वर सरकणारे फोटो, कोट घातलेले कोणी परके लोक हात मिळवताहेत. वहिनीच्या मसाल्याचा एक फोटो नाही. खाली ‘आमचे व्हिजन’, ‘आमचे मिशन’. भाव कुठेच नाही. फोन नंबर चित्रात कोरलेला, त्यावर बोट दाबलं तरी फोन लागत नाही. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमधून चिकटवलेला, त्यामुळे मोबाइलवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा कचरा दिसतो. मराठी साइटचे पैसे घेतोस आणि तुला युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसावी म्हणून असलेली अक्षरांची पद्धत, माहीत नाही? फोटो इतके जड, की बर्डीच्या बाजारात उभं राहून उघडणारं गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं. मोबाइलवरचं पान आधी तपासणार, हे गूगलनं २०१६ मध्येच सांगून ठेवलंय.

साइटच्या कुलपाचे, म्हणजे एसएसएलचे, वेगळे पैसे लावले. लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेचं हे प्रमाणपत्र फुकट मिळतं, वर्षानुवर्षं मिळतंय. गूगल मॅपवर दुकान टाकायचेही घेतले, तेही फुकटच असतं.

एवढं तरी आम्ही गिळलं असतं. पण डोमेन, म्हणजे साइटचं नाव आणि पत्ता! नाव वहिनीनं ठरवलं, पैसे तिनं मोजले आणि नोंदणी त्याच्या ईमेलवर, त्याच्याच नावावर. घर बांधणाऱ्या मिस्त्रीनं रजिस्ट्री स्वतःच्या नावावर करून घ्यावी, तसला हा प्रकार आहे. आता मुदत वाढवायची तर ‘मेन्टेनन्स’ म्हणून मूळ खर्चाच्या कितीतरी पट मागतो. डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं म्हणून त्यासाठी लागणारा ट्रान्सफरचा कोड मागितला, तर ‘ताई, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, उद्या देतो’. तो उद्या काही येत नाही आणि आता तर फोनही उचलत नाही.

आणि तेच नाव प्रत्येक पाकिटावर छापलेलं आहे, एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न सुरक्षावाल्यांच्या, चौदा आकडी नंबराच्या खाली. पिशव्यांवर आहे, दुकानाच्या पाटीवर आहे. वहिनी पहाटे उठून खडा मसाला भाजते, तिखटानं हात जळतात तिचे, अन् त्या मालाचा पत्ता दुसऱ्याच्या खिशात!

डॉट इनवर संपणाऱ्या नावांचा कारभार निक्सी या संस्थेकडे असतो. अशा नावांच्या भांडणांसाठी असलेल्या त्यांच्या आयएनडीआरपी धोरणाखाली लवादाकडे दाद मागता येते, पण त्याची फी भरा, नावावर हक्क असल्याचे पुरावे जोडा. गल्लीतल्या बाईनं मसाला भाजायचा की हे करत बसायचं? ज्यांचं काम अजून सुरू व्हायचं आहे त्यांनी डोमेन स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या पैशानं घ्यावं आणि बनवणाऱ्याला फक्त आत येण्यापुरती परवानगी द्यावी. आमच्याकडून मात्र त्याला मेन्टेनन्सचा एक रुपया मिळणार नाही. तो कोड वहिनीचा आहे, त्यानं मुकाट्यानं तिच्या ईमेलवर पाठवावा.