‘जुनी गाडी उन्हात तापणारच’: त्या मेसेजमधल्या एकेका ओळीला उत्तर

दर उन्हाळ्यात तोच मेसेज फिरत फिरत पुन्हा येतो. ‘जुनी गाडी तापते? मेकॅनिककडे धावू नका’ असा मथळा आणि खाली सहा सल्ले. जुन्या गाड्या उन्हात तापतातच, मनावर घेऊ नका. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व) काढून टाका. कूलंटवर (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रव्यावर) पैसे घालवू नका, साधं पाणी जास्त गार ठेवतं. एसी बंद ठेवला की काम झालं. तापमानाचा काटा लालवर गेला की लगेच रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओता. आणि काटा मधोमध आहे तोवर चिंता नाही.

यंदा हा मेसेज मला तीन जवळच्या माणसांनी पाठवला. तिघांच्याही गाड्या पंधरा-वीस वर्षांच्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. क्रम मात्र माझा. आधी झाकणाचं बोलू, कारण तिथे माणूस भाजतो. बाकीच्या सल्ल्यांत निदान नुकसान इंजिनाचं होतं.

रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं, तो स्प्रिंगचा वॉल्व असतो. अनेक गाड्यांत त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढे बार दाब (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा) झाल्याशिवाय तो उघडत नाही. दाब वाढला की पाणी उकळण्याचं तापमानही वाढतं. उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळणारं पाणी एका बारच्या जादा दाबाखाली साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे तापलेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये ११०-११५ अंशांचं पाणी केवळ त्या दाबामुळे शांत बसलेलं असतं. झाकण फिरवलंत की दाब क्षणात जातो आणि त्यातलं काही पाणी तिथल्या तिथे वाफ होतं. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते. ती उरलेलं उकळतं पाणी घेऊन थेट हातावर आणि तोंडावर येते. हाताला फडकं गुंडाळलेलं असलं तरी या फवाऱ्यापुढे त्याचा काही उपयोग होत नाही.

मग करायचं काय? गाडी बाजूला घ्या. वाफ किंवा कूलंटचा गोडसर वास येत असेल तर इंजिन लगेच बंद करा. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. मग रेडिएटरचा वरचा जाड होज पाइप फडक्याने दाबून बघा. तो टणक लागला तर आत दाब आहे, अजून थांबा. पाइप मऊ झाल्यावर झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुसकारा पूर्ण थांबू द्या आणि मगच काढा. ज्या गाड्यांत झाकण रेडिएटरवर नसून प्लॅस्टिकच्या टाकीवर असतं, तिथेही दाब तोच, म्हणून नियमही तोच.

गार पाणी लगेच ओतायचं नाही, त्यालाही कारण आहे. ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं इंजिनाचं झाकण, तापून फुगलेलं असतं. गार पाण्याचा लोट आला की एक बाजू एकदम आकसते, दुसरी तशीच राहते. त्यातून हेडला बाक येतो, कधी तडाही जातो. पाणी घालायचं ते इंजिन निवल्यावर, थोडं थोडं करत.

आता पहिली ओळ: जुन्या गाड्या तापतातच. हे वाक्य ऐकायला बरं वाटतं आणि बाकी सगळे सल्ले त्याच्याच आधाराने उभे राहतात, म्हणून ते नीट तपासायला हवं. पेट्रोलमधून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि उरलेली कूलंटला वाहून न्यावी लागते. रेडिएटर ती हवेला किती देऊ शकतो, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंश आणि हवा २५ असेल तर फरक ७०. हवा ४५ अंशांची झाली की फरक उरतो ५०. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि क्षमता जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. गाडी बनवणारे ही तूट धरूनच रेडिएटर मोठा ठेवतात. नवी असताना हीच गाडी याच उन्हात तापत नव्हती. आज तापते, याचा अर्थ मधल्या वर्षांत ती शिल्लक कुठेतरी खर्च झाली आहे. थंडीत हा दोष झाकलेला राहतो, उन्हाळ्यात वर येतो.

तो दोष कुठे आहे हे शोधायला सुरुवात एकाच प्रश्नाने करावी: गाडी तापते कधी?

सिग्नलला, गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येतो, असं असेल तर संशय हवेवर. वेगात असताना वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यायचा असतो. पंखा विजेवरचा असेल तर मोटर, फ्यूज, रिले आणि पंखा चालू करणारा स्विच बघा. सोपी चाचणी म्हणजे एसी लावणे. बहुतेक गाड्यांत एसी लागला की पंखा फिरायलाच हवा. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर आपणहून फिरत नाही, तर मोटर चांगली आहे आणि खोट स्विचकडे आहे. पंखा बेल्टवर असेल तर बेल्टचा ताण आणि पंख्याचा मधला क्लच तपासा. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण कुणी कधी काढून ठेवलं असेल तर ते परत बसवा. ते नसलं की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो.

याउलट गर्दीत ठीक, पण हायवेवर किंवा चढावर काटा वर जातो, तर संशय पाण्याच्या वाहण्यावर. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजलेल्या, वॉटर पंपाची पाती झिजलेली, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, किंवा खालचा होज मऊ पडून रेस दिल्यावर आत ओढला जाणारा. हा शेवटचा प्रकार डोळ्यांनी दिसतो: बॉनेट उघडून कुणाला तरी रेस द्यायला सांगा आणि खालचा पाइप चपटा होतो का बघा. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधली फटही बघा. तिथे पानं, किडे आणि धूळ यांचा नमद्यासारखा थर साठतो, आणि बाहेरून जाळी मात्र स्वच्छ दिसते. ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने धुवा. प्रेशर गनने जाळीची पाती वाकतात आणि वाट आणखी बंद होते.

आणि कधीही तापते, पाणी कमी होतं पण खाली थेंबही दिसत नाही, असं असेल तर हेड गॅस्केट (हेड आणि त्याखालचा इंजिनाचा ब्लॉक यांच्या मधलं सील) तपासून घ्या. इंजिन थंड असताना झाकण काढून सुरू केलं आणि पाण्यातून सतत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला, तर ही शंका आणखी बळावते.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण मी त्याची किंमत मोजली आहे. माझी गाडी चढावर तापायला लागली, तेव्हा एका मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढला आणि म्हणाले, ‘आता पाणी मोकळं फिरेल.’ थंडीभर गाडी छान चालली आणि माझाही विश्वास बसला. पुढच्या उन्हाळ्यात काय झालं ते शेवटी सांगतो. तो काढलेला थर्मोस्टॅट मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला होता. सगळं होऊन गेल्यावर एके संध्याकाळी मी तो दोऱ्याला बांधला आणि पाण्याच्या पातेल्यात, तळाला टेकणार नाही असा लोंबता सोडला. शेजारी थर्मामीटर. त्याच्या कडेवर ८२ कोरलेलं होतं. ऐंशीपर्यंत तो गच्च बंद. त्र्याऐंशीला कडेशी केसाएवढी फट दिसली, नव्वदच्या पुढे गेल्यावर मधली तबकडी सरकत सरकत पूर्ण उघडली आणि पातेलं खाली उतरवल्यावर हळूहळू मिटली. आतलं मेण वितळून फुगतं आणि दांडी ढकलतं, एवढंच त्याचं यंत्र. माझ्या गाडीतलं ते यंत्र अगदी ठणठणीत होतं.

ही परीक्षा दहा मिनिटांची आहे. पाणी उकळायला लागलं तरी तो हलला नाही, तर तो खरंच अडकलाय, नवा बसवा. रिकामी जागा सोडणं हा उपाय नाही. थंड इंजिनात पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरावं म्हणून एक बायपास वाट असते, आणि अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचीच दुसरी तबकडी ही वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ती कायम उघडी राहते. मग तापलेल्या पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न शिवता इंजिनात परत येतो, आणि उन्हात गाडी आधीपेक्षा जास्त तापू शकते. उलट थंडीत इंजिन हव्या त्या तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. ‘पाणी फार जोरात फिरतं म्हणून त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही’ हे कारणही ऐकू येतं. तेही चूक. प्रवाह वाढला तर रेडिएटर एकूण उष्णता जास्तच टाकतो.

साध्या पाण्याच्या ओळीत अर्धं सत्य आहे, ते मान्य करायला हवं. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे. म्हणूनच दाट (कॉन्सन्ट्रेट) कूलंट पाणी न मिसळता घालणंही चूक. पण पाणी आणि ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) निम्मे-निम्मे घेतले तर ते उघड्यावरही १०७-१०८ अंशांना उकळतं. त्याहून महत्त्वाची त्यातली गंजरोधक द्रव्यं. अनेक जुन्या गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक लोखंडी, रेडिएटर तांब्या-पितळेचा. अशा तीन धातूंमधून नुसतं पाणी फिरलं की गंज ठरलेला. पाणी जड असेल तर क्षार वेगळे, आणि ते बसतात नेमके सर्वांत तापलेल्या पृष्ठभागावर. माझ्या रेडिएटरची वरची टाकी डाख सोडवून काढली, तेव्हा नळ्यांची तोंडं दिसली. जवळजवळ निम्म्या तपकिरी-पांढऱ्या खरपुडीने बुजलेल्या होत्या. कित्येक वर्षं त्यात फक्त पाणी घातलं गेलं होतं. चढावर गाडी तापण्याचं खरं कारण हे होतं.

वाटेत अडचण आली तर साधं पाणी जरूर घाला, कोरडं इंजिन चालवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. घरी आल्यावर मात्र ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरा, आणि कूलंट डब्यावर लिहिलेल्या मुदतीत बदला. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं ते तोंडात घालतात.

एसीबद्दल थोडक्यात. बंद केल्याने इंजिनावरचा भार आणि कंडेन्सरची उष्णता कमी होते, त्यामुळे काटा चढत असताना तो बंद करणं बरोबरच. पाणी पुरेसं असेल तर हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. हीटरची जाळी हा छोटा रेडिएटरच असतो. आत बसणाऱ्यांचे हाल होतील, पण गॅरेजपर्यंत पोचता येतं. यातलं काहीही दुरुस्ती नव्हे, आणि मेसेजमध्ये ते दुरुस्ती म्हणून सांगितलंय.

उरला काटा. थर्मोस्टॅट काढल्यानंतरच्या उन्हाळ्यात, लांबच्या चढावर, माझ्या गाडीचा काटा लालला टेकला. मी वेग कमी केला, एसी बंद केला, हीटर लावला. दोन-तीन मिनिटांत काटा सरसर खाली आला, मधल्या रेषेच्याही खाली. मला हायसं वाटलं आणि मी गाडी पुढे काढली. हीटरमधून गार हवा यायला लागली होती, तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तीनेक किलोमीटरवर इंजिन ठोके द्यायला लागलं आणि बंद पडलं. नंतर हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवून तिच्या खालून फीलर गेज (फट मोजायचं पातळ पातं) सरकवला. अनेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा बाक चालतो, माझ्या हेडवर त्या पट्टीखालून ०.२० चं पातं आरपार गेलं.

काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच पाण्याचं तापमान सांगतो. होज फुटून पाणी निघून गेलं की तो कोरड्या पोकळीत उरतो आणि काटा खाली येऊ शकतो. हीटरच्या जाळीतही पाणी उरत नाही, म्हणून हवा गार येते. तेव्हा चढलेला काटा एकदम पडला आणि त्याच वेळी गरमवर ठेवलेला हीटर गार हवा देऊ लागला, तर पुढचं वळणही गाठू नका. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.