तक्रार निवारण झाले आहे, अभिप्राय नोंदवा

जागरूक नागरिक व्हायचं ठरवलंय? छान. आधी फोनमधली जागा रिकामी करा. महापालिकेचं ॲप वेगळं, राज्याचं ‘आपले सरकार’ वेगळं, केंद्राचं तक्रार पोर्टल आणखी वेगळं. प्रत्येकाचा पासवर्ड निराळा आणि तो दर खेपेला ‘चुकीचा’च असतो.

ओटीपीची काळजी करू नका. आधी मुदत संपते, मग तो येतो.

आता तक्रार. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण गेलं. फुटलं की चोरीला गेलं, देव जाणे. ॲप उघडलं तर पहिलाच प्रश्न: विभाग निवडा. रस्ते, मलनिस्सारण की पर्जन्यजल? खड्ड्यात डोकावून, वास घेऊन ठरवायचं. चुकलात तर दोन दिवसांनी उत्तर येतं, ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’, आणि तक्रार बंद. योग्य विभागाकडे ती पाठवायची सोय त्यांच्याकडे नसते. ते काम तुमचं.

फोटो मात्र मन लावून काढा, कारण तो दोनदा वापरला जाणार आहे. माझी दुसरी तक्रार नवव्या दिवशी ‘निवारण झाले’ म्हणून हिरवी झाली. आनंदाने ‘कामानंतरचे छायाचित्र’ उघडलं. उघडं चेंबर! कोपऱ्यात एका निळ्या चपलेचं टोक. ती चपल माझी. म्हणजे मी पाठवलेलाच फोटो, चारी बाजूंनी थोडा कापून, मलाच पुरावा म्हणून परत. कापणाऱ्याला चपलेएवढीही सवड नव्हती. खाली पाच चांदण्या, ‘आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?’ मी एक चांदणी दिली. ॲप म्हणालं, ‘धन्यवाद!’ तक्रार पुन्हा उघडायचं बटण होतं, पण ते चोवीस तासांनी मावळतं आणि मेसेज आला तिसाव्या तासाला. नवी तक्रार केली. ती ‘आधीच निवारण झालेल्या तक्रारीची पुनरावृत्ती’ म्हणून बंद. खड्डा तोच, मी तोच, झाकण नाही ते नाहीच, पण महिन्याच्या अहवालात माझ्या एका चेंबरच्या जिवावर तीन निवारणं जमा! कुठेतरी कुणीतरी टक्केवारीचा तक्ता दाखवून टाळ्याही घेतल्या असतील.

मग एक्सवर टॅग करा. सात मिनिटांत उत्तर, ‘संबंधित विभागास कळवले आहे’, सोबत जोडलेले हात. आठवड्याने पुन्हा विचारा. तेच वाक्य, तेच हात.

माहितीचा अधिकार तेवढा वापरू नका. 2005 सालचा जुना कायदा, त्यात कसली आलीय मजा? दहा रुपये शुल्क भरून विचारायचं, ‘तक्रार क्रमांक अमुक कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला, जागेवर जाऊन बंद केली?’ तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विनाकारण टाळलं तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 दंड होऊ शकतो. उगाच कशाला कुणाला त्रास? आपण रील बघू.

रील म्हणजे काय, तर पलीकडच्या गल्लीत झाकण बसलं, त्याची. भावी नगरसेवक झाकणावर एक पाय ठेवून उभे, मागे ढोल, ड्रोनने वरून शॉट. एका झाकणाला ड्रोन! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिला एकोणचाळीस अंगठे मिळाले. त्याच ग्रुपवर मी चेंबरचा फोटो टाकला होता, तर खाली ‘फारच धोकादायक’, ‘प्रशासन झोपलंय का’ आणि एक वाढदिवसाचा केक. परवा एक म्हातारे गृहस्थ तिथे अडखळून गुडघ्यावर पडले. त्याचा व्हिडिओ ग्रुपवर तिघांनी टाकला, तीन वेगवेगळ्या खिडक्यांतून.

तीन खिडक्या! एकालाही खाली उतरावंसं वाटलं नाही?

29 ऑगस्ट 2017 ला मुंबईत एक नामांकित डॉक्टर तुंबलेल्या पाण्यातून चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. ॲपं तेव्हाही होती, हँडलंही होती. साहेब, तुम्ही हिरवं बटण दाबता तेव्हा नेमकं काय बंद करता, हे कळतं का तुम्हाला? खड्डा बंद होत नाही. त्यात कुणी पडू नये म्हणून ओरडणाऱ्याचं तोंड बंद होतं. खुर्चीतून उठून एकदा येऊन बघायचं होतं, अर्ध्या तासाचं काम!

आणि ग्रुपवाल्यांनो, तुम्हीही लाज बाळगा. कालपर्यंत त्या चेंबरात मी खोचलेली एक वाळकी फांदी होती, टोकाला लाल फडकं. आज सकाळी कुणीतरी ती गाडी लावायला आड येते म्हणून उपटून कडेला फेकली. मी परत खोचलीय. आता काढाल तर याद राखा.